निळा रंग कुठे भरायचा

व्याख्यान संपलं होतं. खुर्च्या आवरण्याचा आवाज सुरू झाला होता आणि मी लॅपटॉपची वायर गुंडाळत होते. पडद्यावर शेवटचं चित्र तसंच राहिलं होतं, बुलेट क्लस्टरचं, म्हणजे एकमेकांतून आरपार गेलेल्या दोन दीर्घिकासमूहांचं. मधोमध तापलेल्या वायूचे दोन गुलाबी पुंजके, त्यांच्या दोन बाजूंना निळे ढग आणि सगळीकडे विखुरलेल्या पिवळट दीर्घिका. नववी-दहावीतली असावी अशी एक मुलगी पडद्याला जवळजवळ चिकटून उभी होती. प्रोजेक्टरचा निळा प्रकाश तिच्या गालावर पडला होता. "मॅडम, हे निळं म्हणजे डार्क मॅटर ना?" मी हो म्हटलं. "पण ते दिसत नाही म्हणालात." "बरोबर. तो रंग आम्ही भरलाय." ती जरा थांबली. "मग कुठे भरायचा ते कसं कळलं?" मागच्या दीर्घिकांचा प्रकाश वाकतो त्यावरून, असं मी सांगितलं. तिने मान डोलावली, दप्तर खांद्यावर सरकवलं आणि जाता जाता म्हणाली, "आणि तिथे अंधारच आहे तर दुर्बीण लावून काय बघता?" मी म्हणाले, "प्रकाश दिसतो का, ते." ती हसली नाही. थँक्यू म्हणून निघून गेली.

त्यानंतर कितीतरी दिवस ते उत्तर मला टोचत राहिलं. चुकीचं नव्हतं ते. एका वाक्यात याहून नेमकं कुणी सांगू शकलं असतं असंही नाही. पण दार लावून घेताना आपण जसं बोलतो, तसं मी बोलले होते. ज्या गोष्टीपायी आयुष्यातली इतकी वर्षं गेली, ती एका मुलीने सरळ विचारली आणि मी तिला शब्द दिले, हात दिला नाही.

खरं तर गोंधळ नावापासूनच सुरू होतो. डार्क मॅटर, आपल्या भाषेत कृष्णपदार्थ, म्हटलं की डोळ्यांसमोर काळं काहीतरी येतं, काजळी, कोळसा. पण कोळसा काळा दिसतो कारण तो प्रकाश गिळतो. हा पदार्थ गिळतही नाही. मागून येणारा प्रकाश याच्यातून आरपार जातो, फक्त त्याच्या वजनापुरता वाकतो. स्वच्छ पुसलेल्या काचेसमोर उभं राहावं आणि काच आहे हे पलीकडचं झाड किंचित वेडंवाकडं दिसलं म्हणून समजावं, तसं. 'अंधार' हा शब्द आम्हीच वापरतो आणि मग ऐकणाऱ्याच्या मनात काळोख भरतो. त्या मुलीचा प्रश्न त्या काळोखातून आला होता. दोष तिचा नव्हता.

या सगळ्याची सुरुवात दीर्घिकासमूहांपासून झाली. १९३३ साली फ्रिट्झ झ्विकी हा खगोलशास्त्रज्ञ कोमा समूहातल्या दीर्घिकांचे वेग बघत होता. त्या इतक्या सुसाट धावत होत्या की समूह कधीच विखरून जायला हवा होता. चमकणाऱ्या ताऱ्यांचं वजन धरून हिशेब केला तर त्यांना बांधून ठेवण्याइतकं गुरुत्वाकर्षण जमेना. त्याच्या हिशेबाने घनता ४०० पट तरी जास्त हवी होती. हा आकडा पुढे बराच खाली आला. विश्वाच्या प्रसरणाचा वेग त्या वेळी फार जास्त धरलेला होता, आणि दीर्घिकांच्या मधल्या जागेत कोट्यवधी अंशांचा वायू भरलेला आहे, त्याचं वजन सगळ्या ताऱ्यांच्या कितीतरी पट आहे, हे झ्विकीला ठाऊक नव्हतं. तो वायू क्ष-किरणांत चमकतो आणि क्ष-किरण आपल्या वातावरणातून खाली येत नाहीत. उपग्रह वर गेले तेव्हा तो दिसला. वाटलं असेल की हरवलेलं वजन सापडलं! पण वायू मोजून झाला तरी हिशेब पुरा पडला नाही. आजही समूहाच्या वजनातले ऐंशीहून अधिक टक्के असं काहीतरी आहे ज्याचा एकही किरण आपल्यापर्यंत आलेला नाही.

निदान ओळखू येईल असा तरी नाही.

या शेवटच्या वाक्यापाशीच आमचा शोध उभा आहे. हा पदार्थ कणांचा असेल, तर ते कण अमर असलेच पाहिजेत असं कुठे आहे? समजा एखादा कण अतिशय क्वचित मोडतो. इतक्या क्वचित की एकेका कणाचं सरासरी आयुष्य विश्वाच्या वयाच्या अब्जावधी पट निघावं. एकाकडे बघत बसलो तर काहीच होणार नाही. पण दीर्घिकासमूहात शंभर लाख कोटी सूर्यांच्या वजनाएवढा पदार्थ एका नजरेत मावतो. एवढ्या ढिगात कुठे ना कुठे, प्रत्येक क्षणी, काहीतरी मोडत असणार. आणि मोडताना एक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, सुटत असेल तर त्याची ऊर्जा ठरलेली असेल. कणाचे दोन हलके तुकडे झाले तर दोघांच्या वाट्याला अर्धी-अर्धी. वाटणीत कमी-जास्त नाही. म्हणून तो प्रकाश वर्णपटात पसरट उजेडासारखा येणार नाही, एका जागी बारीक रेष होऊन उभा राहील. ज्या रेषेचं कुठल्याही मूलद्रव्याशी नातं सांगता येत नाही, अशी रेष. आम्ही ती शोधतो. दोन कण एकमेकांवर आदळून नष्ट होत असतील आणि त्यातून गॅमा किरण निघत असतील, असाही एक पर्याय आहे आणि त्यासाठी फर्मी दुर्बिणीने कितीतरी समूह पालथे घातले. पण माझा जीव रेषेत अडकला, त्यामुळे मी तिच्याचबद्दल लिहिते.

अडचण अशी की समूह मुळीच शांत नसतात. तो तापलेला वायूच क्ष-किरणांत धगधगत असतो आणि त्यात लोह, गंधक, सिलिकॉन, अरगॉन, कॅल्शियम या सगळ्यांच्या रेषा असतात. ताऱ्यांच्या पोटात तयार होऊन स्फोटांनी बाहेर फेकलेली मूलद्रव्यं ही. पर्सियस समूहात लोहाची रेष १९७६ मध्ये पहिल्यांदा दिसली. त्या गर्दीत एक अनोळखी, क्षीण रेष ओळखायची. वायूचा प्रकाश आधी गणिताने नीट मांडायचा, तो वजा करायचा आणि उरेल ते बघायचं. आलेखाच्या वरच्या भागात निरीक्षणाचे काळे ठिपके आणि त्यांच्यातून गेलेली गणिताची लाल रेघ असते. खाली एक अरुंद पट्टी असते, ठिपक्यांतून रेघ वजा केल्यावर उरलेल्या शिलकीची. प्रत्येक ठिपक्याला वर-खाली एक उभी दांडी, म्हणजे चुकायला ठेवलेली जागा. वरचा भाग कितीही देखणा असो, माझ्यासारखी माणसं सगळ्यात आधी त्या खालच्या पट्टीकडे बघतात. शून्याच्या रेघेवर ठिपके मुंग्यांसारखे इकडेतिकडे पसरलेले असतात. पाच-सहा मुंग्या एके ठिकाणी ओळीने वर चढलेल्या दिसल्या, की छातीत काहीतरी होतं.

मला तसं झालेलं आहे.

विद्यार्थी असतानाची गोष्ट. जवळपास सारख्याच अंतरावरच्या दोन समूहांचा डेटा मी एकत्र केला होता. समूह आपल्यापासून दूर जात असतो, त्यामुळे त्याचा प्रकाश ताणला जाऊन कमी ऊर्जेकडे सरकतो. याला ताम्रसृती म्हणतात. ती दुरुस्त करून प्रत्येक फोटॉन त्याच्या मूळ ऊर्जेवर नेऊन ठेवायचा असतो. मी तसं केलं. रात्री उशिरा आलेख उमटला आणि खालच्या पट्टीत साडेआठ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या (क्ष-किरणांची ऊर्जा आम्ही या एककात मोजतो) किंचित अलीकडे एक उंचवटा होता. मूलद्रव्यांच्या रेषांची यादी काढली. तिथे अशी ठळक रेष कुणाचीच बसेना. पंखा सुरू असूनही तळहात घामेजले होते ते मला आठवतं. मी आलेख छापला, त्या उंचवट्याभोवती पेन्सिलीने गोल केला आणि कुणाला सांगितलं नाही. अकरा दिवस. त्या अकरा दिवसांत मी चालायची ती वेगळी चालायची. साध्या बोलण्यातही मध्येच गप्प व्हायचे. सगळ्यांच्या नजरेतून सुटलेली एक गोष्ट एकट्या आपल्याला माहीत आहे, हा आनंद किती खाजगी असतो! अजूनही त्याची मला लाज वाटत नाही.

बाराव्या दिवशी सरांना कागद दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले, आणि त्यांच्या बघण्यात मला माझाच हावरेपणा दिसला. त्यांनाही ते खरं असायला हवं होतं. मग त्यांनी कागद खाली ठेवला आणि विचारलं, "तिसरा समूह घालून पाहिलास का? लांबचा?" मी पाहिला नव्हता. त्या संध्याकाळी पाहिला. उंचवटा खरोखर आकाशातून येत असता, तर तिसऱ्या समूहातही मूळ ऊर्जा तीच निघाली असती. ती निघाली नाही. उंचवटा सरकला. मग मी ताम्रसृतीची दुरुस्ती काढून टाकली, कॅमेऱ्याला जसे दिसले तसेच फोटॉन मांडले, आणि तिन्ही समूहांत तो एकाच जागी, ८.०५ वर, स्तब्ध उभा राहिला. ती तांब्याची रेष होती. कॅमेऱ्याच्या आतल्या तांब्याची. अवकाशातून वेगाने येणारे कण उपग्रहाच्या आत घुसतात, तिथल्या धातूवर आदळतात आणि धातू स्वतःची रेष उजळतो. पार्श्वभूमी वजा करताना मी ती नीट काढली नव्हती आणि नंतर ताम्रसृतीच्या दुरुस्तीत तिला तिच्या ओळखीच्या जागेवरून हलवून अनोळखी करून टाकलं होतं.

सरांनी रागावून काही म्हटलं नाही. "जे आकाशाबरोबर सरकतं ते आकाशाचं, जे सरकत नाही ते आपलं," एवढंच म्हणाले. मला वाटतं या कामातलं अर्धं शहाणपण त्या वाक्यात आहे. उरलेलं अर्धं म्हणजे आपल्याला जे दिसावंसं वाटतं त्याच्यापासून स्वतःला चार पावलं लांब धरणं, आणि ते मला आजही पूर्ण जमत नाही.

२०१४ च्या फेब्रुवारीत दोन शोधनिबंध काही दिवसांच्या अंतराने आले, तेव्हा हे सगळं पुन्हा वर आलं. एस्रा बुलबुल आणि सहकाऱ्यांनी एक्सएमएम-न्यूटन या अवकाशातल्या क्ष-किरण दुर्बिणीच्या डेटामधून तब्बल ७३ समूह एकावर एक रचले होते, प्रत्येक समूह त्याच्या ताम्रसृतीइतका सरकवून. म्हणजे कॅमेऱ्याचं जे काही आपलं असेल ते ७३ जागी विखरून पुसट व्हावं आणि आकाशाचं असेल ते एका जागी साठत जावं. साठलं होतं. सुमारे ३.५ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टवर, आजूबाजूच्या उजेडाच्या जेमतेम एक टक्का वर, एक रेष. दुसऱ्या निबंधात अलेक्सी बोयार्स्की आणि सहकाऱ्यांना साधारण तिथेच तशी रेष पर्सियस समूहात आणि देवयानी दीर्घिकेत मिळाली होती. ती कृष्णपदार्थाची असेल तर कणाचं वस्तुमान दुप्पट, म्हणजे ७.१ च्या आसपास. 'निर्जीव' न्यूट्रिनो नावाचा एक कल्पित कण या जागी चपखल बसत होता. मी तो आलेख पडद्यावर इतका मोठा केला की एकेक ठिपका बोराएवढा दिसायला लागला. दांड्या मोजल्या. त्या रात्री मी झोपले नाही आणि या वेळी माझ्याबरोबर जगातली कितीतरी माणसं जागी होती, याचं विलक्षण सुख वाटलं.

मग वाद सुरू झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. टेस्ला जेल्टेमा आणि स्टेफानो प्रोफ्यूमो यांनी पोटॅशियमकडे बोट दाखवलं. जवळजवळ सगळे इलेक्ट्रॉन गमावलेल्या पोटॅशियमच्या रेषा तिथेच, ३.५ च्या शेजारी येतात, आणि तेव्हाच्या कॅमेऱ्यांना इतक्या जवळच्या दोन रेषा वेगळ्या दिसत नव्हत्या. वायूत पोटॅशियम जरा जास्त असेल तर? गंधकाच्या अणूंनी इलेक्ट्रॉन हिसकावून घेताना निघणारा प्रकाश असेल तर? ड्रॅको ही वायू जवळजवळ नसलेली बुटकी दीर्घिका. तिच्याकडे सुमारे १४ लाख सेकंद रोखून पाहिलं. एका गटाने म्हटलं रेष नाही, दुसऱ्याने म्हटलं इतक्या लवकर निकाल लावता येणार नाही. नुसत्या आकड्यांवरून माणसं एकमेकांवर किती उखडू शकतात ते मी त्या काळात पाहिलं. आणि त्या उखडण्यामागे तीच माया होती, जी माझ्या पेन्सिलीच्या गोलात होती.

सगळ्यांचे डोळे लागले होते हितोमी या नव्या क्ष-किरण दुर्बिणीकडे. जपानी भाषेत हितोमी म्हणजे डोळ्यातली बाहुली. १७ फेब्रुवारी २०१६ ला तो उपग्रह वर गेला. त्याच्या संवेदकाचं तापमान निरपेक्ष शून्याच्या वर फक्त ०.०५ अंश ठेवलेलं होतं. एकेक फोटॉन येऊन आदळला की संवेदक किंचित तापायचा आणि त्या तापण्यावरून फोटॉनची ऊर्जा कळायची. आधीचे कॅमेरे जिथे एक जाडसर फुगवटा दाखवत, तिथे हितोमीला सुट्या सुट्या रेषा दिसायच्या. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो रेषेची जाडी मोजू शकत होता. वायू बऱ्यापैकी संथ असतो. पर्सियसच्या गाभ्यात हितोमीला वायूचा खळबळीचा वेग सेकंदाला सुमारे १६४ किलोमीटर मिळाला. कृष्णपदार्थाचे कण मात्र समूहात हजार किलोमीटरच्या वेगाने उलटसुलट धावत असणार, त्यामुळे त्यांची रेष पसरलेली, रुंद हवी. म्हणजे सापडलेली रेष कुणाची, हे तिची अंगकाठी बघून सांगता आलं असतं. कित्येक वर्षं ज्याची वाट पाहिली तो डोळा उघडला होता.

२६ मार्चला तो गेला. उपग्रह फिरतोय अशी त्याच्या यंत्रणेची चुकीची समजूत झाली. तो 'थांबवण्याच्या' नादात खरोखर फिरू लागला, सावरण्यासाठी केलेल्या कृतीत चुकीचे आकडे होते, वेग वाढत गेला आणि सौरपट्ट्या तुटून पडल्या. पाच-सहा आठवड्यांचं आयुष्य. त्यातल्या काही दिवसांचं पर्सियसचं निरीक्षण मागे राहिलं. त्या निरीक्षणाच्या खालच्या पट्टीत, ३.५ वर, पर्सियसमध्ये जितकी ठळक रेष सांगितली गेली होती तितकं ठळक काहीच नव्हतं. मुंग्या शून्यावर. तो निबंध वाचताना मला रेष नसल्याचं वाईट वाटत होतं की हितोमीचं, ते आजही नीट वेगळं करता येत नाही.

पुढे २०२० मध्ये आपल्याच आकाशगंगेला वेढून असलेल्या कृष्णपदार्थाच्या प्रभामंडळातून, म्हणजे दुर्बीण कुठेही वळवली तरी, ती रेष दिसायला हवी होती, असा हिशेब मांडून कोऱ्या आकाशाचा डेटा तपासला गेला. तिथेही ती नव्हती. काहींनी जुनंच गणित पहिल्यापासून करून पाहिलं आणि त्यांना मूळ रेषही मिळाली नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये हितोमीचा वारस, क्रिझम, वर गेला. संवेदकासमोरची झडप उघडली नाही, पण तिच्यातल्या बेरिलियमच्या पातळ खिडकीतून तो बघतो आहे, तितक्याच तीक्ष्णपणे. अजून तरी ३.५ ची रेष त्यातून वर आलेली नाही.

माणसं फक्त क्ष-किरणांतच शोधत होती असं नाही. त्या मुलीला खरं म्हणजे हे सांगायला हवं होतं. ॲक्सिऑन नावाचा एक कण, काही ठरावीक वजनाचा असेल तर, मोडताना दोन फोटॉन देईल आणि ते साध्या डोळ्यांना दिसणाऱ्या रंगांचे असतील. १९९१ मध्ये किट पीकवरच्या २.१ मीटरच्या दुर्बिणीने तीन समूहांत असा उजेड शोधला गेला. २००७ मध्ये चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीने ॲबेल २६६७ आणि ॲबेल २३९० या समूहांकडे बघून पुन्हा. या दुसऱ्या शोधाची पद्धत मला फार आवडते. आधी गुरुत्वीय भिंगावरून, म्हणजे मागचा प्रकाश किती वाकतो त्यावरून, समूहात कुठे किती वजन आहे याचा नकाशा केला. मग विचारलं, या नकाशाप्रमाणे कमी-जास्त होणारा एखादा रंग आहे का? जिथे वजन जास्त तिथे तो गडद, जिथे कमी तिथे फिका? म्हणजे अगदी त्या मुलीचा प्रश्न, उलट्या बाजूने. रंग भरायची जागा माहीत आहे, रंग कोणता ते निसर्गालाच विचारायचं. उत्तर आलं की मोजता येईल इतका कोणताच नाही.

हे 'नाही' कसं दिसतं तेही तिने पाहायला हवं होतं. आम्ही एक आलेख काढतो. आडव्या अक्षावर कणाचं वस्तुमान, उभ्यावर त्याची मोडण्याची तयारी. प्रत्येक निष्फळ शोधानंतर त्याचा एक तुकडा रंगवायचा. तिथला रंग 'इथे नाही' असं सांगतो. बुलेट क्लस्टरच्या चित्रातला निळा 'इथे आहे' म्हणतो. एकाच पदार्थासाठी आम्ही ही दोन्ही चित्रं रंगवत असतो, एक आकाशाचं, एक शक्यतांचं. पहिल्यात रंग कुठे भरायचा ते बऱ्यापैकी ठरलंय. दुसऱ्यात कोरा भाग आक्रसत चाललाय. आणि त्या उरलेल्या पांढऱ्या जागेकडे बघताना मला दर वेळी दोन गोष्टी एकदम वाटतात: ती अजून शिल्लक आहे याचा दिलासा, आणि ती कदाचित रिकामीच असेल याची धास्ती. कृष्णपदार्थ प्रकाशाशी काही देणंघेणंच ठेवत नसेल, तर हा सगळा आलेख एके दिवशी रंगून पुरा होईल. तेव्हा माझ्या हयातीतलं काम 'नाही' या एका शब्दात मावेल. हे मी शांतपणे लिहिते आहे, पण शांतपणे वाटत नाही.

बुलेट क्लस्टरच्या त्या निळ्या भागाकडेही रेष शोधायला बघून झालंय. चंद्रा दुर्बिणीच्या डेटामधून आणि पुढे २०१५ मध्ये न्यूस्टारच्याही. दोन समूह एकमेकांतून गेले तेव्हा वायू अडखळून मध्येच राहिला आणि कृष्णपदार्थ निघून पुढे गेला. त्यामुळे तिथे वजन खूप आणि वायूचा गोंगाट कमी. रेष नव्हती. व्याख्यानात हे मी कधीच सांगत नसे, कारण 'नव्हती' वर टाळ्या पडत नाहीत.

मागच्या महिन्यात पुन्हा एक व्याख्यान होतं. ती मुलगी अर्थातच नव्हती, वेगळी मुलं होती. या वेळी मी चित्रातला निळा थर काढून टाकला. गुलाबी वायू आणि दीर्घिका, बस. त्यावर मागच्या दीर्घिकांच्या आकारांत मोजलेला ताण छोट्या छोट्या पांढऱ्या रेघांनी काढला आणि मुलांना विचारलं, वजन कुठे आहे? बहुतेकांनी वायूवर बोट ठेवलं. चमकतंय तिथेच असणार, हे साहजिक. मग पहिल्या रांगेतला एक मुलगा उठला, पडद्याजवळ आला आणि त्या रेघांवरून बोट फिरवायला लागला. रेघा वळत होत्या, त्याचं बोट त्यांच्यामागून वळत होतं, आणि फेरी पुरी होत आली तसं ते आत आत येत एका मोकळ्या जागेवर थांबलं. वायूपासून बरंच बाजूला. बरोबर जिथे निळा होता तिथे.

"तिथे काय दिसतंय?" मी विचारलं.

"काहीच नाही," तो म्हणाला. बोट मात्र त्याने काढलं नाही.